पावणी

नार्व्याच्या देवळात पावणी मी पुकारतो,
बाप गेल्यापासून. आवाजही त्याचाच, म्हणतात लोक.
केळ्यांचा घड, नीरफणस, एकदा एक जुळं तवशें:
बाजारात वीस रुपयांचं, देवापुढे दोन हजारांना गेलं,
आणि घेणाऱ्याने ते तिथंच कापून अख्ख्या वाड्याला वाटलं.
भाव तवशाचा नसतो, हे सगळ्यांना ठाऊक.
तवशालाही असावं.

म्हणून पोरं आली मला बोलवायला:
भाऊ, लीग घेतोय, खेळाडूंचं ऑक्शन आहे,
आवाज तुमचाच पाहिजे.
पंचायतीच्या हॉलात नऊ टेबलं, नऊ मालक,
कॅल्क्युलेटर, पाण्याच्या बाटल्या, बशीत भाजलेले काजू.
माझ्या हातात हातोडा दिला,
च्याऱ्याकडून मुद्दाम घडवलेला, फणसाच्या लाकडाचा.

पडद्यावर फोटो पडायचा, मी वाचायचं.
शैलेंद्र गावस, वय बावीस, उजवा हात, यॉर्कर टाकतो,
लग्न झालेलं नाही.
हे शेवटचं कुणी लिहिलं होतं कोण जाणे. हशा पिकला.
बार्जवाले बाबुसो शेट एक बोट वर करीत,
ट्रकवाले दुसरं.
अकरा. साडेअकरा. चौदा हजार.
"गुडघा बरा आहे ना त्याचा?"
शैलेंद्र मागच्या रांगेतून उठला
आणि दोन बैठका मारून दाखवल्या.
टाळ्या.
मी हातोडा मारला, तसा तो धावत येऊन माझ्या पाया पडला.

मला वाईट वाटायला हवं होतं का?
तीन रविवारांचे चौदा हजार.
खाण बंद पडल्यापासून त्यांच्या घरात
एवढी रक्कम एकदम आली नव्हती.

मग झिलू परब. अडतीस. डावखुरा फिरकी.
फेरीबोटीवर खलाशी; दोर फेकतो
तसाच चेंडू सोडतो, मनगटातून.
त्या मैदानातलं गवत त्यानं उपटलंय,
पिचवर पाणी त्यानं मारलंय, वीस वर्षं.
बेस प्राइस पाचशे.
एक वार.
पाचशे, फक्त पाचशे.
नऊ टेबलांवर नऊजण बाटल्यांची झाकणं फिरवू लागले.
दोन वार.
देवळात असं होत नाही. एखादा नारळ मागे राहिलाच
तर मीच म्हणतो, माझे दहा, आणि घरी नेतो.
इथं नियम होता: पुकारणाऱ्याने बोली लावायची नाही.
तीन वार.
अशा वेळी हातोडा कशावर मारतात?

पडद्यावर लाल अक्षरांत 'अनसोल्ड' आलं.
तेवढं मला वाचावं लागलं नाही.
झिलू हसला. मग फोन कानाला लावून बाहेर गेला.
फोन वाजला नव्हता.

रात्री शेवटच्या फेरीने मी उगीचच दिवाडीला निघालो,
त्याची पाळी होती म्हणून.
माडांमागे जुन्या गोव्याचा उजेड दिसत होता.
शाळेत मास्तर सांगायचे, तिथल्या सरळ रस्त्यावर
सकाळी घोडे विकत, गालिचे, चिनी बशा,
आणि आफ्रिकेतून आणलेली माणसं.
दात बघत त्यांचे. पळवून बघत.
लिलाव हा शब्दसुद्धा तसल्याच गलबतांतून
आपल्या तोंडात उतरला.
हे सगळं मी झिलूला सांगितलं, त्याला बरं वाटेल म्हणून.
"विकला नाही गेलास, सुटलास म्हण."

तो दोराची वेटोळी घालत राहिला.
मग म्हणाला,
"भाऊ, त्यांना कुणी विचारलं नव्हतं.
मी फॉर्म भरला होता.
शंभर रुपये फी भरून."

धक्का जवळ आला.
त्याने डाव्या हाताने दोर सोडला,
फास हवेत जरासा वळला आणि खुंटावर अलगद बसला.
"पाचशे," मी म्हणालो.
इंजिनाच्या आवाजात त्याला ऐकू गेलं नसावं.
नसावंच.