मार्चएंड

निधी आला एकतीसला, संध्याकाळी सव्वापाचला.
रात्री बाराला परत निघणार होता
रुसलेल्या सोयऱ्यासारखा, चहाही न घेता.

लिंबाजी खिल्लारे स्कूटर घेऊन
कळमनुरीहून हिंगोलीच्या ट्रेझरीत पळाला.
डिकीत कोटेशनं तीन,
तिन्हींचं अक्षर एकच.

मी भांडारात डेडस्टॉक रजिस्टर उघडून बसलो.
बेबी वॉर्मर, नग दोन : चालू.
एकावर कांताबाई गॉज वाळू घालते.
दुसऱ्याची वायर उंदरानं कवाच नेली.
खाली समितीच्या पाच सह्या.
समिती दारापर्यंत आली होती म्हणे,
चावी सापडली नाही.

बाराला दहा कमी असताना फोन :
"झालं साहेब. पडदे मंजूर."
पडदे?
"त्याच हेडखाली पैसे होते ना."

जूनमध्ये हुसेनाबीचं लेकरू, साडेतेराशे ग्रॅमचं,
नांदेडला रेफर केलं.
तिच्या सासूनं खिडकीचा निळा पडदा ओढून काढला,
त्यात गुंडाळून नेलं.
मी अडवलं नाही.

त्या रात्री 'चालू' खोडलं,
लाल शाईनं 'बंद' लिहिलं, तारीख घातली.

औंदाच्या ऑडिटमध्ये आमच्यावर दोनच आक्षेप :
पडदा, नग एक, कमी.
आणि पान सत्तेचाळीस, खाडाखोड.