दाखल क्रमांक ४११७

तांदळाच्या डब्यामागे सापडलं.
वर कव्हर घातलेलं,
पतपेढीच्या गेल्या वर्षीच्या कॅलेंडरचं,
ऑगस्ट बाहेरच्या बाजूला,
नारळी पौर्णिमेला लाल गोल.
आत वाचनालयाचा जांभळा शिक्का
आणि खाली बारीक अक्षरांत: जोडप्यांसाठी.

देवगडात कुणी कुठलं पुस्तक नेलं
ते पुस्तकाआधी घरी पोचतं.
हेमलतानं ते मासळीच्या पिशवीतून आणलं असणार.
मधल्या पानांना अजून सुक्या बांगड्याचा वास.

मी बर्फाच्या कारखान्यात रात्रपाळीला.
अमोनिया, कंप्रेसरची घरघर, सुटणाऱ्या लाद्या,
त्यात चार रात्री चोरून वाचलं.
लिहिणारा भला माणूस असावा.
त्याच्या जोडप्यांना रविवार असतो,
सोफा असतो, बाल्कनी असते.
तो म्हणतो, रोज चार मिनिटं
एकमेकांच्या डोळ्यांत बघा.
मी घरी येतो तेव्हा ती लिलावाला निघालेली असते.
डोळे दोघांचेही लाल,
माझे जागून, तिचे खाऱ्या वाऱ्यानं.

पान त्रेचाळीसवर रिकाम्या ओळी आहेत.
जोडीदाराला कशाची भीती वाटते? तीन गोष्टी लिहा.
कुणीतरी आधी पेन्सिलनं लिहून खोडलंय.
ट्यूबलाइटखाली तिरकं धरलं की वाचता येतं:
अंधार. सासरा. मी.
अक्षर ओळखू येईना.
आठवडाभर गावातल्या दारांसमोरून
मी मान खाली घालून गेलो.

तिनं अख्ख्या पुस्तकात एकाच ओळीखाली रेघ मारलीय,
फुटपट्टी न लावता.
तिची रेघ मला कळते,
जाळ्याची गाठ आवळताना दोरा ओढते तशी,
शेवटाला जरा वर.
माफी मागताना 'पण' म्हणू नका.

होडी विकली त्याला तीन वर्षं झाली.
तिच्या पाटल्या मोडून घेतलेली होडी.
सकाळी सही केली, रात्री सांगितलं,
तेही जेवताना, आमटी वाढ म्हटल्यासारखं.
त्यानंतर ती बोलायची थांबली असं नाही.
गॅस संपला, लाईट गेली, पोराचा फोन आला,
सगळं सांगते.

मग मी सराव केला, लाद्यांसमोर उभं राहून.
चुकलो, पण डिझेल परवडत नव्हतं.
चुकलो, पण व्याज.
चुकलो, पण तुला विचारलं असतं तर तू
तोंडातून वाफ निघायची आणि वाक्य तिथंच राहायचं.
लबाड शब्द आहे.
लावतात तोही पण
आणि अंग काढून घेतात तोही.
पाटल्या पणाला लावल्या तिनं,
मी नुसता वाक्याला जोडत आलो.

मंगळवारी ती पडवीत कोळंबी सोलत होती.
म्हटलं, होडी विकायच्या आधी
तुला विचारायला हवं होतं.
एवढंच.
पुढचा शब्द दातांत धरून ठेवला,
घशात जाऊ पाहणारा काटा धरतात तसा.

कोळंबी एका बाजूला, सालं एका बाजूला.
तिचे हात थांबले नाहीत.
मांजर आलं, सालं हुंगून गेलं.
बऱ्याच वेळानं म्हणाली,
"आता सांगतास?"
मी खांबाला टेकून उभाच.
आणखी बऱ्याच वेळानं, टोपाकडे बघत,
"होडयेचो निळो रंग माका कधी आवडलोच नाय.
मी पण कधी सांगूक नाय."

हा पण पुस्तकात नव्हता.

मी हसलो की काय, आठवत नाही.
ती हसली नाही.
हात धुतले, पदराला पुसले,
आत जाऊन तांदळाच्या डब्यामागून पुस्तक काढलं
आणि माझ्यापुढे धरलं,
जसं काही मी ते पहिल्यांदाच बघतोय.
"तारीख गेली. मुदत वाढवून हाडा.
आणि कव्हर काढू नकात."

वाचनालयात खवळेबाई होत्या.
नऊ दिवस उशीर, अठरा रुपये दंड.
मी वीसची नोट दिली.
त्यांनी नवी तारीख मारली
आणि वर न बघता
उरलेलं दोन रुपयांचं नाणं
पुस्तकावर ठेवलं, ऑगस्टवर.