पंधरा किलो वीस ग्रॅम

तासगावातून फोन, सकाळी साडेसातला,
बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमधून.
"मॅडम, हालंना झालंय."
काय हालंना?
"निळं पान आलंय, सगळं इंग्रजी. बाण दाबतोय,
एन्टर दाबतोय, ढिम्म.
अकराला सौदा हाय."

भिलवडीहून निघाले. डिकीत दोन कीबोर्ड, रंगाऱ्याचा ब्रश,
पोराच्या कंपासातला खोडरबर
आणि रुपयाएवढे चार सेल.

ऑफिसात पाय टाकला की गारठा, आणि गंधकाचा वास.
दिवाणजी अण्णाप्पा मगदूम, मे महिन्यात स्वेटर घालून,
कंप्युटरकडे बघत बसलेले
जेवायला न उठणाऱ्या जावयाकडं बघावं तसे.

मीही बघितलं.
निळ्या पानावर पांढरी पट्टी, पहिल्याच ओळीवर,
आणि नीट पाहिलं तर
किंचित थरथरत.
हे मी पाहिलं होतं. उगाच नाही म्हणणार नाही.
पाहिलं, आणि सोडून दिलं.

कीबोर्ड बदलला. मागं लावला, पुढं लावला,
मग तो जुना, गोल पिनेचा.
नम लॉकचा हिरवा दिवा लागत होता, विझत होता,
म्हणजे ऐकू तर येत होतं त्याला.
पट्टी जागची हलेना.

डबा उघडला. पंख्यावर चार वर्षांची धूळ,
धुळीत एक बेदाणा, खडा झालेला.
रॅम उपसली, तिचे सोनेरी दात खोडरबरानं घासले,
फुंकर मारली (मारू नये म्हणतात, सगळे मारतात),
बसवली.
नाही.

मग सेल काढला.
सेल काढला की पाच मिनिटं थांबायचं,
त्याला विसरायला वेळ द्यायचा.
"सगळंच इसरलं तर आमचा हिशेब?"
हिशेब दुसरीकडं असतो, म्हटलं. हे फक्त स्वतःचं विसरतं,
आज वार कोणता, उठल्यावर आधी कुठं बघायचं.
"झ्याक हाय की," अण्णाप्पा म्हणाले,
आणि चहा सांगितला.

नवा सेल. पडद्यावर
दोन हजार तेराची एक जानेवारी उगवली.
पट्टी तिथंच, तशीच, थरथरत.
बाहेर गाड्या लागायला लागल्या होत्या.
मी मनात मदरबोर्डाची किंमत जुळवत होते
आणि ती कोणत्या तोंडानं सांगायची ते.

तेवढ्यात दस्तगीर चहा घेऊन आला.
टेबलावर माझे स्क्रू, माझी रॅम, डब्याचं झाकण,
थाळी ठेवायला जागा नाही. म्हणून त्यानं
शेजारच्या वजनकाट्यावरचं बेदाण्याचं खोकं उचललं
आणि काखेत धरून उभा राहिला.

पट्टी थरथरायची थांबली.

मी बाण दाबला. एक ओळ खाली.
अजून एक.
दस्तगीर, ठेव बघू ते परत.
ठेवलं. पट्टी अडली.
उचल. सुटली.
ठेव.
असं आम्ही चारदा केलं, लहान पोरांसारखं,
चहा निवत होता.

काट्याची वायर कंप्युटरच्या पाठीत.
मागच्याच महिन्यात जोडलेली, पावतीवर वजन आपोआप उमटावं म्हणून.
रात्री कोणी तरी खोकं काट्यावर विसरलं
आणि काटा बोलत राहिला,
पंधरा वीस, पंधरा वीस, पंधरा वीस,
कुलूप लावून सगळे घरी गेल्यावरही,
एका श्वासाची फट न ठेवता.
माझं एक बोट त्यात कुठं शिरणार?
आणि मी त्यालाच बहिरं समजून
दात घासत बसले होते.

वायर उपसली. तारीख घातली, वेळ घातली,
डबा बंद केला. नऊ चाळीस.
तीनशे रुपये घेतले. दस्तगीरनं ओंजळभर बेदाणे दिले.

निघताना खोक्याकडं नजर गेली.
काट्यावर लाल आकडे, १५.०२०.
खोक्यावर निळ्या स्केचपेननं, शेतकऱ्याच्या नावाखाली,
१४.५००.

"खोक्याचं वजन जातंय त्यात,"
अण्णाप्पा म्हणाले.

मी काही विचारलं नव्हतं.