चोडण-४१ अडले आहे

एपिक म्हणजे महाकाव्य ना, असे मी पहिल्याच दिवशी
निमिषला विचारले. तो पुण्याहून बोलत होता, हसला नाही.
म्हणाला, एपिक म्हणजे जांभळी पट्टी.
तिच्या पोटात कामे घालायची, कामांच्या पोटात उपकामे,
आणि सगळी हिरवी झाली की पट्टी मिटायची.

तर माझ्या जांभळ्या पट्टीचे नाव
चोडणच्या खाजनाची दुरुस्ती, टप्पा दोन.
पोटात त्रेसष्ट कामे.
पणजीत पाटोवर तिसऱ्या मजल्यावर बसून मी ती सांभाळते.
खिडकीतून मांडवी दिसते. खाजन दिसत नाही.

४१: मानशीची अडकलेली फळी बदलणे. लाकूड माट्टीचे.
अडले आहे ३८ मुळे.
३८: बांधाला पडलेले खांड बुजवणे.
अडले आहे २९ मुळे.
२९: दुसरा हप्ता सुटणे.
अडले आहे ३३ मुळे.
३३: खांडाचे छायाचित्र, पाणी पुरते ओसरलेले असताना.
अडले आहे, अर्थात, ४१ मुळे.
फळी हलत नाही तोवर शेतातले पाणी बाहेर कसे जाईल?

चार बाण एकमेकांच्या शेपट्या धरून बसलेले.
सॉफ्टवेअरला यात काही वावगे वाटले नाही.
त्याने चौघांनाही लाल झेंडा लावला
आणि रोज सकाळी नऊला मला कळवत राहिले
चार कामे अडली आहेत.
रोज नऊलाच. भरतीसुद्धा रोज आपली वेळ बदलते.

एखादा दुवा तोड, निमिष म्हणाला.
तोडायला गेले तर खिडकी उघडली:
दुवा काढल्यास ही कामे एकमेकांना ओळखणार नाहीत. नक्की?
मी नाही दाबले.

शनिवारी रायबंदरला फेरीत चढले.
सोबत तीन स्कूटर, एक शिलाई मशीन, आणि ते धरून उभा असलेला मुलगा.
मानशीपाशी कायतान आफोंस मांडीभर चिखलात.
खांड कुठेय, मी विचारले.
त्याने हनुवटीने दाखवले. बांध सलग होता,
फक्त दहा-बारा हात चिखल बाकीच्यापेक्षा काळा,
त्यातून पेंढा डोकावणारा.
कधी केले?
"अष्टमीक. अष्टमीक उदक मोव आसता."
पण हप्ता आला नाही अजून.
यावर तो काही बोलला नाही. म्हणाला,
"ती फळी धर मात्शी."

मी धरली.
पाच महिने मी एकेचाळीसला इकडून तिकडे सरकवत होते.
एकेचाळीस जड आहे, बुळबुळीत आहे,
त्याला कोळंबीचा वास येतो
आणि त्याच्या खालच्या कडेला हात घातला तर कालवे कापतात.

सोमवारी ३८ हिरवे केले, ४१ हिरवे केले.
३३ होईना. खांडाचे छायाचित्र आता कसे काढणार,
खांडच नाही.
नव्या बांधाचा फोटो जोडून पाठवला.
लेखा विभागाचे उत्तर चार मिनिटांत:
कृपया दुरुस्तीपूर्वीचा पाठवावा.

काम कोणी केले, या रकान्यात मी क टाइप केला.
यादी आली. कल्पेश. कनिष्का.
कॉन्फरन्स रूम दोन.
म्हणून ३८ पूर्ण आहे, आणि कोणाकडेही सोपवलेले नाही.

एकसष्ट हिरवी. पट्टी मिटत नाही.
निमिष म्हणतो, उरलेली दोन रद्द करून टाक, आलेख स्वच्छ दिसेल.
रद्द केले तर हप्ताही रद्द, हे त्याच्या आलेखात येत नाही.

काल सुटायच्या आधी एक नवीन काम उघडले.
६४: कायतान आफोंस, अडीच दिवसांची मजुरी, पेंढा धरून.
सॉफ्टवेअरने विचारले, कशाशी जोडू?
त्रेसष्ट नावे खाली सरकत गेली.
बोटावरची कालवाची चीर अजून झोंबते, माउस त्याच बोटाने दाबावा लागतो.