कोंडा

बांध फुटतोय हे कळलं
तेव्हा खारं पाणी रोपांच्या पोटरीला लागलं होतं.
आम्ही सगळे शेताच्या अंगाने चिखल थापत होतो.
थापलेला चिखल घटकाभर ऐकायचा,
मग फुगून, सुटून, पायांशी यायचा.
मोरेश्वर म्हणाला, खारभूमीच्या ऑफिसात अर्ज देऊ.
हसुराम म्हणाला, अवसेचं उधाण, उतरेल आपसूक.
दोघांचंही खरं होतं.
पाणी येतच होतं.

पदीबाय सूप घेऊन आली.
बांध ओलांडून खाडीकडे उतरली, कमरेएवढ्या पाण्यात,
आणि मूठमूठ कोंडा सोडत राहिली.
कोंडा तरंगला, रेंगाळला,
मग एका जागी हळूच गोल फिरून
आत गेला.
"इथं हाय," ती म्हणाली, आणि त्यावर टाच रोवली.

बीळ चिंबोरीचं होतं. मनगटाएवढं.
पेंढा, चिखल, वर एक फाटकं गोणपाट;
दिवे लागायच्या आत मिटलं.

रात्री जेवताना मनात आलं,
तिलाही कुठंतरी राहायचंच होतं,
भरती तिच्याही दारात येते.

सकाळी बांधावर गेलो तर
चार हातांवर
ओल्या मातीच्या गोळ्यांचा नवा ढीग.

घरी पदीबाय सूप झटकत होती.
मी काही बोललो नाही.
तिनेच विचारलं, "कुठं?"