पान्यावरचं पाणी

तीन वाजून दहा मिनिटांनी ती पुन्हा विझली.
म्हणजे, विझली असावी.
हायड्रोजनची ज्योत दिसत नाही,
पेटताना फक्त एक बारीक 'पट्',
कुणी बोट मोडल्यासारखा.

बाहेर सोयातेलाचा टँकर,
ड्रायव्हर चाकाच्या सावलीत आडवा.
तेलात हेक्झेन किती उरलं
हे कळल्याशिवाय गेटपास नाही,
आणि स्क्रीनवरची रेघ
आजारी माणसाच्या सहीसारखी
वर जाते, अडखळते, बसते.

हैदराबादचा इंजिनिअर फोनवर म्हणाला, जेट चोक असेल.
काढलं. आत पांढरी भुकटी, चुन्यासारखी.
आई स्टोव्हला पिन मारायची
तशी तार घातली. फुंकर नाही मारली,
तोंडातली वाफ चालत नाही त्याला.
पट्.
चार मिनिटं रेघ शहाण्यासारखी.
मग परत तेच.

कॉलमचं टोक कापून नव्यानं बसवलं.
नळीच्या जोडांना साबणाचा फेस लावून पाहिला.
हायड्रोजन पस्तीस, हवा साडेतीनशे:
वहीत दोनदा अधोरेखित,
अक्षर माझंच, सहा वर्षांपूर्वीचं,
जास्त खात्रीचं.

कॉम्प्रेसरवरचे दस्तगीर मामा चहा घेऊन आले.
रेघेकडे बघत राहिले.
"हिला धाप लागलीय की ओ, सोनटक्के मॅडम.
हवा कमी नाही.
हवा जड झालीय."

मागं नेलं मला.
टाकीच्या बुडाला एक चावी,
गेल्या दिवाळीच्या रंगाखाली बुजलेली.
दोघांनी जोर लावला.
आधी नुसतं फुस्स,
मग पाणी.
तपकिरी, तेलकट, कोमट पाणी,
थांबेचना.
अर्धी बादली झाली.

लातुरात आज नळाचा अकरावा दिवस.
पंधरवडा झाला, ढग येतात,
कपडे ओले ठेवतात, घाम वाळू देत नाहीत,
आणि तसेच औशाकडं निघून जातात.
आणि इथं हे यंत्र
तीच हवा रोज पिळून काढत होतं,
कुणी खाली भांडं लावलं नव्हतं.

"संडासात ओतायला होईल," मामा म्हणाले,
आणि दोन्ही हातांनी, न हिंदकळता,
बादली घेऊन गेले.

सिलिका जेल गुलाबी पडलं होतं, निळं भरलं.
नळ्या सुकवल्या. साडेसहाला
पट्.
थंड पाना तोंडावर धरला.
एक, दोन, तीन...
पोलादावर धुरकट ठिपका उमटला,
मग त्याचा थेंब झाला.
जळतंय, याचा पुरावा
जळण्यातून झालेलं पाणी.
बारावीत हे समीकरण दोन गुणांना होतं,
मी बाण विसरले होते.

रेघ आडवी पडून राहिली.
हेक्झेन मर्यादेत. टँकर गेला.
घरी फोन लावला.
"नळ?"
"अजून नाही."

रजिस्टरमध्ये बिघाडाचं कारण लिहायचं असतं.
लिहिलं: हवेच्या लाइनमध्ये पाणी.
केलेली दुरुस्ती:
पेन जरा थांबलं.
पाणी काढून टाकलं, असं
या गावात कोण लिहील?

लिहिलं.
खाली सहीच्या आधी आणखी एक ओळ:
रोज सकाळी आठला चावी खोलणे.
बादली लावून.