पाचशेची नोट

कोपरा फाटला होता, मी चिकटपट्टीने सांधला,
तेव्हापासून ती माझ्या ओळखीची.
पाचशे सोमची नोट.
मी इथली हिशेबनीस. नारिनच्या डोंगरात,
सामुदायिक शेतीच्या काळातल्या जुन्या हमामात
आम्ही बारा जणी बुरणुसाच्या सपाता करतो.

पूर्वी मेंढ्या कातरून झाल्या की लोकर ओढ्याकाठी जाळायचो.
भावच नव्हता. धुराचा वास आठवडाभर केसांतून जात नसे.
पैसा यायचा मॉस्कोहून, पोरांनी टॅक्सी हाकून धाडलेला;
सकाळी यायचा आणि दुपारच्या बसने
बाजाराच्या गावी निघून जायचा,
पीठ, साखर, चिनी चपला.
आमच्याकडे तो मुक्काम करत नसे,
घोटभर पाणीसुद्धा पीत नसे.

मग झीपारने कर्ज मागितलं.
बँकेचा माणूस म्हणाला, तारण?
ती म्हणाली, मेंढ्या आहेत, पण सध्या वरच्या कुरणात.
जा, मोजून या.
तो गेला नाही. त्याने अर्धंच कर्ज दिलं.
त्यात पिंजणयंत्र आलं, तेही दात पडलेलं.

दात बसवले तुर्दुबेक लोहाराने,
आणि नोट माझ्या पेटीतून पहिल्यांदा बाहेर पडली.
त्याने ती अनारकानला दिली, पावांची थकलेली उधारी.
तिने सरपणवाल्याला.
सरपणवाल्याच्या आईचे पाय गारठतात,
म्हणून तो आमच्याच दारात आला, एक जोड घेऊन गेला.
उलटून पाहिलं, तर चिकटपट्टी.

दुसऱ्यांदा कुठं कुठं फिरली, ठाऊक नाही.
आली तेव्हा तिला घोडीच्या आंबलेल्या दुधाचा वास होता.

साबणाच्या कढत पाण्याने मनगटं सुजतात, हेही लिहून ठेवते.
वीज सहाला जाते, आठला येते, कधी येतच नाही.
हॅम्बुर्गहून चाळीस जोड परत आले:
डावी-उजवी सारखीच आहे म्हणे.
बुरुल हसली. बुरणुसाला डावं-उजवं कुठलं,
ते पाय शिकवतो त्याला.
पण त्या थंडीत पगार दोन महिने रखडला,
आणि चहा पिताना कुणी माझ्याकडे बघेना.

बुरुलचा मुलगा मॉस्कोहून परतला का?
नाही.
पण आता फोनवर ती पैशांचं विचारत नाही,
जेवलास का विचारते.
तो म्हणतो, आई, एवढंच विचारायला फोन केलास?

तिसऱ्यांदा नोट बुरुलच्याच पगारात गेली.
तिची धाकटी वीजकाम शिकायला निघाली होती;
आईने नोट चौपदरी घडी करून
मुलीच्या मोज्यात सरकवली.
दुपारची बस.

परत येईल म्हणतात. मुलगी.
नोटेचं काय सांगावं.
रोज संध्याकाळी पेटी उघडते,
रक्कम नंतर मोजते,
आधी कोपरे बघते.